ड्रॅगन काय म्हणाला

आत्याने सूपचं पातेलं टेबलावर टेकवलं, डाव त्याच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, "हं, बोला आता कवळीवाले! ड्रॅगन काय म्हणाला?"

टेबलाभोवतीचे चमचे थांबले.

कवळीवाला हे नाव आत्यानेच पहिल्या भेटीत ठेवलेलं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, दिवसभर मेणात खोटे दात रोवत बसायचा, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. आत्या ही त्याच्या होणाऱ्या बायकोची आत्या. यातला 'होणारी' हा शब्द अजून अधांतरी होता, कारण मुलीच्या वडिलांनी हो म्हटलेलं नव्हतं. वडील बाइंडर होते. खाली पुस्तकं बांधायचं दुकान, वर घर. त्यांनी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, आईवडील काय करतात तेही विचारलं नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "लटपटगडाचे सातही भाग वाचून या. मग बघू."

लटपटगड हा एक किल्ला. तो रात्रीतून जागा बदलतो आणि सकाळी दूधवाल्याला सापडत नाही. त्यात एक जादूगार, मंत्र अर्ध्यावर विसरणारा. एक राजा, स्वतःच्या मुकुटाला घाबरणारा. आणि एक ड्रॅगन, बारा महिने सर्दी झालेला, शिंकला की पडदे पेटवणारा. जगात याहून भारी पुस्तकं झालेली नाहीत, असं या घरात कुणी बोलून दाखवत नसे. सूर्य उगवतो, असं कुणी बोलून दाखवतं का?

त्याने इमानेइतबारे सातही भाग वाचले. ही पुस्तकं कित्येक वर्षं मिळतच नव्हती, आता कुठे नवी आवृत्ती निघालेली. तीच त्याने दुकानातून आणली. हसलाही भरपूर, एकदा तर हसता हसता एका गिऱ्हाइकाचा सुळा वाकडा बसला. पण जगात सर्वांत भारी? तेवढं काही त्याला पटलं नव्हतं. त्यातून चौथा भाग तर अगदीच सरळसोट वाटला, आणि शेवटी उगाच रडवणारा. नेमका चौथाच या घरात सगळ्यात लाडका, हे त्याला ऐकून माहीत होतं. आता आली ना पंचाईत!

"चौथ्याच्या शेवटी ड्रॅगन काय म्हणाला, एवढंच विचारतील," होणाऱ्या बायकोने जिन्यात बजावलं होतं. "मनापासून सांग. पाठ केल्यासारखं नको."

मनापासून कसलं, सरळ पुस्तकातच तर होतं.

"मला जरा बरं वाटत नाहीये," तो म्हणाला.

"अगंबाई!" आत्याने डाव खाली ठेवला. "सूपने का?"

"नाही, नाही. ड्रॅगन म्हणतो तसं. 'मला जरा बरं वाटत नाहीये.'"

"अरे देवा! ते राजा म्हणतो!" होणाऱ्या बायकोने कपाळाला हात लावला.

"राजा कशाला म्हणेल?"

"म्हणजे? सुरुवातीला नाही का, राजा घसा साफ करतो, सगळा दरबार गप्प, आणि जाहीर करतो, 'आजपासून या राज्याची महाराणी...' पान उलटलं की, 'मला जरा बरं वाटत नाहीये!'"

आत्याला ते शंभरदा ऐकूनही हसू आवरेना. तिने डोळ्यांना पदर लावला. "आणि बरं वाटत नाही राजाला, मरतो कोण? ड्रॅगन! असला लेखक दाखव दुसरा."

"आणि मेलेला ड्रॅगन पुढच्याच प्रकरणात उकडलेले बटाटे खायला हजर," होणारी बायको म्हणाली. "कुणी त्याला विचारत नाही, बाबा रे, तू तर मेला होतास ना? ताट वाढतात, बस्स. मला तर तेच सगळ्यात आवडतं."

तिचा चेहरा हे सांगताना लहान मुलीचा झाला होता. एरवी ती बसडेपोत वेळापत्रकं लावायची, एक गाडी मागेपुढे झाली तर ड्रायव्हर चळचळा कापत. त्याला तिचे दोन्ही चेहरे फार आवडायचे.

"आणि शेवट?" त्याने सावधपणे विचारलं.

"शेवट म्हणजे, पाऊस कोसळतोय, ड्रॅगन घरी येतो, दार ढकलतो आणि म्हणतो..." तिने हात हवेत सोडला. "संपलं पुस्तक! पुढे कोरं पान. काय म्हणतो ते आपलं आपण ठरवायचं. आमच्याकडे पहिल्यांदा चौथा भाग वाचणाऱ्याला ते सांगावंच लागतं. आत्या म्हणाली होती, 'पाय पुसायला फडकं द्या.' बाबा म्हणाले, 'मी आलो.' एवढंच. आणि तू काय, तर म्हणे बरं वाटत नाहीये!"

"पण माझ्या पुस्तकात तर ड्रॅगन शेवटी..."

तो पिशवीकडे वळला. नवा कोरा चौथा भाग तिच्यातच होता. दाखवला की झालं, विषय मिटला. त्याचा हात पिशवीत गेला आणि त्याच क्षणी टेबलाच्या टोकाला बसलेले बाइंडर ताडकन उठले.

"चला खाली," ते म्हणाले. "पिशवीही घ्या."

"बाबा, सूप तरी पिऊ द्या त्याला!"

"सूप कुठे पळून जात नाही."

गेली आपली सोयरीक, असं मनात म्हणत तो जिना उतरला.

खाली खळीचा आणि कागदाचा वास होता. कोपऱ्यात कटिंग मशीन, भिंतीला दाबपेट्या, टेबलावर सुया, मेण लावलेला दोरा, हाडाची पट्टी. बाइंडरांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं. घरचा चौथा भाग. वाचून वाचून पाठ उसवली होती, दोरे लोंबत होते.

"शिवता येतं?"

"शिवलेलं नाही कधी, काका. पण हात बसेल."

"मग उलगडा."

त्याने पुठ्ठा हलकेच बाजूला केला. आत फर्मे होते. मोठा छापील कागद दुमडून होणारा सोळा पानांचा एकेक गठ्ठा, असे कितीतरी एकावर एक. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक छोटी काळी खूण होती, आणि त्या खुणा पायरी पायरीने खाली उतरत गेल्या होत्या.

"त्या कशाला असतात?"

"जुळणी चुकू नये म्हणून. सगळे फर्मे ओळीत असले की जिना दिसतो. एक जरी इकडचा तिकडे झाला, तर पायरी मोडते."

पायरी मोडलेली होती. अगदी वरच, दुसऱ्या जागी. सगळ्यात तळाशी असायला हवी ती खूण तिथे बसली होती. त्याने तो फर्मा उचलला. वरची पहिलीच ओळ होती, "मला जरा बरं वाटत नाहीये." पुढे ड्रॅगनचं दुखणं, त्याचं मरण, सगळा गड त्याला निरोप द्यायला गोळा होतो तो प्रसंग. त्याच्या नव्या पुस्तकात हा शेवट होता. इथे तो सुरुवातीला येऊन बसला होता. पानांचे आकडे बघावेत म्हणून त्याने खाली नजर टाकली, तर आकडेच नाहीत. खालची कड आकड्यांसकट कापलेली.

त्याला मनातल्या मनात हसू फुटलं. म्हणजे जगातल्या सर्वांत भारी पुस्तकाची ही गंमत होय! लेखकाची कमाल कसली, बाइंडिंगची चूक! तो मान वर करून सांगणार, तेवढ्यात त्याचं लक्ष बाइंडरांच्या हाताकडे गेलं. ते रिकामी सुई पुन्हा पुन्हा फडक्याला पुसत होते.

"कुणी बांधलं होतं हे?" त्याने विचारलं.

"हिच्या आईने. रद्दीतून सातही भाग मिळाले, पुठ्ठे गेलेले, पाठी सुटलेल्या. एकेक भाग बांधायची आणि रात्री पोरीला वाचून दाखवायची. जुळणीला तिच्यासारखा हात नव्हता. आयुष्यात तिचा एक फर्मा चुकला नाही."

"मग हा?"

"हाही चुकला नाही."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. बाइंडर खुर्चीत बसले.

"पोरीची आजी गेली होती तेव्हा. पोरगी रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसायची, आजी कधी येणार म्हणून. आणि तिच्या आईने बांधायच्या आधी चौथा भाग वाचून काढला, तर शेवटी ड्रॅगन मेलेला. मला म्हणाली, हे मी नाही वाचून दाखवणार. दुसऱ्या दिवशी मी दुकानात आलो, तर पुस्तक बांधून तयार. आकडे उडालेले. मी म्हटलं, अगं, जरा जास्तच कापलंस की! तर म्हणाली, हात हलला." त्यांनी चष्मा काढला. "पोरगी दारातून उठून आत आली ते पुस्तक ऐकून. मेलेला जेवायला येतो म्हटल्यावर खुदकन हसली. मग मी कशाला बोलतोय?"

"तिला माहीत नाही?"

"नाही. तिची आई गेली तेव्हा पोरीनेच मला वाचून दाखवलं हे. आपल्या बटाट्यांच्या प्रकरणापाशी आल्यावर आम्ही दोघं रडलोही आणि हसलोही. पाठ तेव्हापासून उसवलीय. मला शिवायला जमत नाही. हातात घेतलं की डोळेच भरून येतात." त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "आणि आता दुकानात नवी आवृत्ती आली. तुमच्याबरोबर ती तुमच्या घरात जाणार, पोरीच्या हाती पडणार. मी म्हातारा आहे, मला भीती वाटते. तुम्ही खरे माणूस आहात, खोटं सांगा असं मी म्हणणार नाही. फर्मे तुमच्यापुढे आहेत. लावा तुम्हाला योग्य वाटतील तसे. लग्नाला माझी ना नाही, कसेही लावलेत तरी."

होकार मिळाला होता! एवढ्यासाठीच तर सात भाग वाचले होते. पण आता तो तेवढ्याने उठून जाईना. कवळीत एक दात जागचा हलला तर माणूस हसायचा बंद होतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणून दिवसभर तो सगळं जागच्या जागी बसवायचा. इथे एका बाईने एक गोष्ट जागची हलवली होती, आणि पोरगी हसायला लागली होती.

त्याने सुई मागितली. दोरा ओवला. पहिला फर्मा ठेवला आणि त्यावर शेवटचा ठेवला.

बाइंडर फक्त टाका कुठे घ्यायचा, दोरा किती ताणायचा, एवढं सांगत राहिले. शिलाई झाली, पाठीला खळ लागली, पुस्तक दाबपेटीत गेलं.

"काका," तो म्हणाला, "दुकानातलं ठीक आहे. वाचावं आणि सोडून द्यावं. हे मात्र खरंच, याहून भारी मी तरी वाचलेलं नाही."

"मी कधीपासून सांगतोय."

मग त्याने पिशवीतून आपला नवा चौथा भाग काढून टेबलावर ठेवला.

"हाही उसवायचाय."

बाइंडर त्याच्याकडे बघतच राहिले. मग एकदम त्यांना सगळा हुरूप आला. हल्लीची पुस्तकं नुसती चिकटवतात, लाज वाटत नाही लेकाच्यांना, असं पुटपुटत त्यांनी पाठ सोलली. शेवटची पानं पुढे गेली, उरलेली मागे आली. खळ लावताना त्याची बाही बरबटली.

"खालून किती कापू?"

"आकडे जातील एवढं."

मशीनचं पातं खाली आलं. कागदाच्या बारीक पट्ट्या भुरभुर जमिनीवर पडल्या, काही त्याच्या अंगावर उडाल्या.

दोघं वर आले तेव्हा सूप पुन्हा गरम झालं होतं. बाइंडर हात धुवायला मोरीकडे गेले. धुता धुता शीळ घालत होते, आणि आत्या आ वासून त्यांच्या पाठीकडे बघत होती.

"काय जादू केलीस रे यांच्यावर?" ती म्हणाली. "बरं, ते जाऊ दे. आता तरी धड सांग, ड्रॅगन काय म्हणाला?"

तो तोंड उघडणार, इतक्यात होणाऱ्या बायकोने त्याचा हात धरला. बाहीवर खळीला चिकटून कागदाची एक बारीक पट्टी आली होती, आणि पट्टीवर एक आकडा होता. तिने ती नखाने सोडवली. उजेडाकडे धरून वाचली. मग वडिलांच्या पाठीकडे पाहिलं, आणि पट्टीची घडी करून त्याच्या खिशात घातली.

"वर येताना बाह्या झटकायच्या असतात," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "आईसुद्धा विसरायची."