मोरसात मीठ

यतीनदाने टॅब्लेट माझ्यापुढे धरला. "सावनी, सही कर आणि चल. धुळीने डोळे गेले यार."

अहवालाची पहिली ओळ होती: जिवंत वनस्पती तीन टक्के, बाकी जमीन ओसाड. जमीन म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सॉल्टन सी या आटत चाललेल्या खाऱ्या सरोवराचा काठ. आमच्या कंपनीने ती ओसाड ठरवली की इथे क्लायंटचा ट्रकतळ होणार. सही माझी लागते, कारण टीममध्ये वनस्पतिशास्त्र शिकलेली मी एकटी.

"तीन टक्के कोणी मोजले?"

"ड्रोनने. हिरवा रंग मोजतो तो."

"नोव्हेंबरात ही झुडपं हिरवी नसतात, यतीनदा. काळपट-तांबडी होतात."

"म्हणजे वाळतात."

मी खाली बसून एका झुडपाचा शेंडा मोडला आणि दोन बोटांत दाबला. रसाचा थेंब आला. "मेलेली काडी कोरडी मोडते."

"चाखून बघू?"

"नको, इथल्या मातीत विषारी सेलेनियम आहे. खारट असणार, हे न चाखताच सांगते. मोरसाचं भावंड आहे हे."

"मोरस म्हणजे?"

नागपूरच्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? मी सांगितलं. माझं आजोळ उरणचं. मिठागराच्या बांधावरून मोरस खुडून आणतात. त्या भाजीत मीठ घालत नाहीत, ते पानांतच असतं. माझी मामी साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्यांदा ही भाजी केली तेव्हा तिने सवयीने चमचाभर मीठ टाकलं. घास कोणालाच गिळवेना. तेव्हापासून घरात कोणी न बघता काही केलं, की मामा विचारतो, "घातलंस मोरसात मीठ?"

यतीनदा हसला. "मग या ड्रोनने घातलं म्हणायचं."

"ड्रोनने नाही. त्याचा आकडा न बघता उतरवणाऱ्याने."

त्याचं हसणं थांबलं. "तो अहवाल मी लिहिलाय."

"माहीत आहे."

"मार्चमध्ये तुझ्या व्हिसाचा अर्ज कंपनीच भरणार आहे. धमकी नाही देत, आठवण करून देतोय."

"आठवण आहे मला."

मागच्या आठवड्यात मशीन लावून खरवडलेल्या पट्ट्यावरून पांढरी धूळ उठत होती. तिथून वीस पावलांवर, झुडपांच्या बुडाशी, माती जागची हलत नव्हती. सकाळपासून मी मीटरभराच्या चाळीस चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येकीत एक शेंडा मोडला होता. चौतीस ओले निघाले.

टॅब्लेटवर मी 'तीन टक्के' खोडलं, 'ओसाड' खोडलं. तिथे लिहिलं: चाळीसपैकी चौतीस चौकटींत जिवंत झुडपं. खाली सही केली, तारीख घातली.

"क्लायंट हे घेणार नाही," यतीनदा म्हणाला.

"मग त्याला म्हणावं, इथे ये आणि काडी मोड."

"आणि तुला काढलं तर?"

"दुसरं कोणीतरी सही करायला आणतील. त्यालाही मी हेच सांगेन. जुन्या आकड्याखाली माझं नाव मिळणार नाही."

तो गाडीकडे निघाला, दहा-बारा पावलं गेला आणि थांबला. मी न मोजलेल्या एका झुडपाशी वाकून त्याने शेंडा मोडला. बराच वेळ बोटाकडे बघत राहिला, मग ते पँटला पुसलं.

"ओला आहे," तो वैतागून म्हणाला.

मी वही उघडली. "चौकट एक्केचाळीस. मोजणारा, यतीन."

"ए, माझं नाव नको घालूस."

"घातलं."