वाईतोकाची सून

पाहुण्यांनी पुढे ठेवलेली मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी मुखियांनी दोन्ही हातांनी उचलली. जुडी उचलली म्हणजे गावानं शब्द दिला. आठ दिवस आमची झाडं, पाखरं, प्रवाळ बघत हिंडलेल्या त्या सहा जणांना आता सकाळी कड्यावरून बोलावलेली कासवं बघायची होती.

पण बोलावणार कोण? कासवांचं गाणं अकरा कडव्यांचं. ते पुढे होऊन म्हणायची माझी आई, उलामिला. ईस्टरला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिची वाचाच गेली होती. आम्हा बायकांना मागून साथ करायची सवय. पाचव्या कडव्यापुढे कुणालाच धड येईना.

"मेरेवालेसीला येतं," उनाइसीकाकू म्हणाली. "सासूची पाठ चोळताना गुणगुणते ती. मी ऐकलंय."

मेरेवालेसी माझी वहिनी, पण खाडीपलीकडच्या वाईतोका गावची. वाईतोकाचं माणूस कड्यावर असलं की कासवं वर येत नाहीत, हे आमच्याकडे लेकरालासुद्धा ठाऊक. अठ्ठावीस वर्षं आम्ही गायला निघालो की ती आपणहून घरी थांबायची.

मीच तिला विचारायला गेले. आईच्या चटईशेजारी ती अळूची पानं निवडत बसली होती.

"मला नेऊ नका, वन्सं. तुमच्या कासवांना माझ्या माहेरचा वास येतो."

"इतकी वर्षं आमच्या चुलीशी बसून अजून वास राहिलाय होय?"

ती हसली. मग हसू मावळलं. "नाही आली, तर जन्मभर सगळे मलाच बोलतील."

"बोलू देत. मी आहे ना."

आईनं आपला चालता हात उचलला आणि हळूच तिच्या डोक्यावर ठेवला.

सकाळी मुखियांनी प्रार्थना सांगितली. वहिनी कड्याच्या टोकाशी उभी राहिली. आवाज आधी थरथरला. तिसऱ्या कडव्याला तो लागला, रविवारी वचनं गाऊन सांगताना आमच्या म्हाताऱ्या उपदेशकांचा लागतो तसा. ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जावी असा. आम्ही मागून धरत गेलो. सातवं झालं, आठवं झालं. पाण्यावर काही नाही.

"सांगितलं नव्हतं?" मागे कुणीतरी पुटपुटलं. मी वळून बघितलं नाही.

दहाव्या कडव्याला खाली निळ्यात एक तपकिरी पाठ चमकली. मग दुसरी. मग तीन एकदम, माना वर काढून.

"आली गं बाई, आली!" उनाइसीकाकू ओरडली. "थांबू नकोस, म्हण!"

वहिनीनं अकरावं म्हटलं, एकही शब्द न गाळता. मग तिथंच खडकावर मटकन बसली. मी धावत जाऊन तिला मिठी मारली.

"बघ, आली की नाही? देव पावला!"

ती खाडीपलीकडे बघत होती. वाईतोकाच्या चर्चचं पांढरं छप्पर उन्हात दिसत होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "म्हणजे मी आता तिकडची उरले नाही ना?"

बायका तिला उचलून घ्यायला हसत, गात धावत येत होत्या. मी उठले आणि त्यांच्या आड उभी राहिले. तिचं रडून होईपर्यंत कुणाला पुढे येऊ दिलं नाही.