रंभाजीच्या आईचा दगड

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे आणि मी फार चिडलेला आहे. दगडाला कसला राग, असं तुम्ही म्हणाल. आधी माझी हकिकत ऐका, मग बोला.

नगरच्या लष्करी छावणीत गोऱ्या साहेबांचं कबरस्तान होतं. तिथे रंभाजी माळीकाम करायचा. तिथल्या मडमांचीच काय, आठ दिवस जगलेल्या तान्ह्या पोरांचीसुद्धा नावं दगडावर कोरलेली त्याने पाहिली होती. नेवाशाकडच्या त्याच्या गावात मात्र त्याच्या माणसांना पुरलं, की वर चार धोंडे ठेवत. दोन पावसाळे गेले, की जागाही सापडत नसे. १९३७ साली त्याची आई वारली. तेव्हा त्याने नगरच्या एका पाथरवटाकडून मला घडवून घेतलं. पाथरवटाने माझी एक बाजू घासून गुळगुळीत केली आणि वर मोठ्या अक्षरांत कोरलं, 'मनकर्णा'. खालच्या ओळीत कोरलं, 'रंभाजीची आई'.

बैलगाडीतून मी गावात आलो तेव्हा चावडीवरची माणसं हसली. यांच्या म्हातारीला नाव कशाला, असं एकाने विचारलंच. रंभाजी शांतपणे म्हणाला, "तिच्या आईबापानं ठेवलं हुतं म्हनून." मला त्याचा फार अभिमान वाटला.

पुढे १९५६ नंतर हे कुटुंब बौद्ध झालं. घरातले देव गेले, पण माझ्याकडे येणं सुटलं नाही. वैशाखी पौर्णिमेला रंभाजी मला धुऊन पुसून माझ्यापुढे मेणबत्ती लावायचा. घरच्यांना तो सांगायचा, नाव दगडावर आहे, आता ते जायचं नाही. इथेच घात झाला. दगडावर आहे म्हटल्यावर ते कुणी तोंडात ठेवलंच नाही. त्याची सून सुमनबाई हिला वाचता येत नव्हतं. शिवाय सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. ती आपली 'म्हातारी' म्हणायची. घरातली पोरंही तेच शिकली.

रंभाजी गेला आणि माझ्याभोवती बाभळी वाढल्या. १९८९ साली सुमनबाईच्या मुलाने, रंगनाथने, नवं घर बांधलं. अंगणात नळ आला, मग धुण्याला दगड हवा झाला. माझ्या सख्ख्या घरातल्या माणसाने मला उपटून ट्रॅक्टरमध्ये टाकलं. मी गुळगुळीत, माझ्यावर कपडे नीट घासले जाईनात. म्हणून त्याने जात्यांना टाकी लावणाऱ्या छबूबाईला बोलावलं. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण दिसत होती. तिने हात थांबवून विचारलं, "दादा, हितं कायतरी लिव्हलंय. ठिवू का?"

"चालव टाकी," रंगनाथ म्हणाला. सातवी शिकलेला माणूस! खालची ओळ सिमेंटात गाडली जाणार होती, म्हणून तेवढी शाबूत राहिली. वरचं नाव छबूबाईच्या छिन्नीने टिच टिच करत पार उडवलं. त्यानंतर सात वर्षं सुमनबाईने माझ्यावर धुणं आपटलं. बिचारीला माहीतच नव्हतं, की आपण कुणाच्या नावावर साबण घासतोय.

१९९६ साली रंगनाथची मुलगी दीपा माहेरी आली. ती नगरला शिक्षिका होती. तिची मुलगी तीन महिन्यांची झाली तरी नुसतं 'बाळ' होती, कारण दीपाला तिला घराण्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईचं नाव द्यायचं होतं. तिने कागदपत्रं धुंडाळली. पुरुषांची नावं चार पिढ्या मागेपर्यंत मिळाली, बायकांची एकही नाही. सुमनबाईने तिला सांगितलं, की म्हातारीचं नाव दगडावर आहे. मग आजी, नात आणि रंगनाथ मिळून बाभळीत दगड शोधायला गेले. हो, रंगनाथही! काठीने गवत बाजूला सारत तो दुपारभर शोधल्याचं नाटक करत राहिला. शेवटी म्हणाला, की प्रवरेच्या पुरात गेला असेल. मी तेव्हा त्याच्याच अंगणात पडलेलो होतो.

चार दिवसांनी दीपा माझ्यावर बाळाचे लंगोट धूत होती. कडेचं सिमेंट उखडलं होतं. तिची बोटं खालच्या ओळीवर गेली. तिने माती खरवडली आणि मोठ्याने वाचलं, "रंभाजीची आई." मग ती वर चाचपू लागली. टाकीच्या खळग्यांतून तिने कितीदा तरी बोट फिरवलं.

"आबा, वर काय लिहिलं होतं?"

रंगनाथ खाली बघत म्हणाला, "वाचलं न्हाई मी."

सुमनबाई माझ्याशेजारी बसली आणि दोन्ही हातांनी मला पुसू लागली. "मी हिच्यावर धुनं धुतलं गं," एवढंच ती म्हणाली.

बाळाचं नाव शेवटी रुपाली ठेवलं. नाव छान आहे, माझी तक्रार नाही. मला जपून उचलून पुन्हा बाभळीत उभं केलंय. पण त्याचा आता काय उपयोग? मला ते नाव पाठ आहे, पण दीपाला सांगायला तोंड नाही.

मित्रांनो, रंगनाथला नावं ठेवायला तुम्ही टपलाच असाल. जरूर ठेवा. पण आधी मला सांगा, तुमच्या आजीच्या आईचं नाव काय? झालात ना गप्प? मग अजून बसलात कशाला? आजी घरात आहे, तोवर जाऊन विचारा.