जवसाच्या नावानं

"मंदा, समोरचं कडवं काय होतं वं?" सत्यभामाबाईंचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझं बूचही उघडलं नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. माझ्या पोटात माशाचं तेल होतं. १९७८ च्या उन्हाळ्यात मंदाबाईंनी मला तुमसरच्या औषधाच्या दुकानातून सिहोऱ्याला आणलं, ते सासूसाठी, म्हणजे सत्यभामाबाईंसाठी. सत्यभामाबाई धानाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, गाणं सांगायच्या. त्या ओळ म्हणत, चिखलात वाकलेल्या बाया ती झेलत आणि रोप लागत जाई. आदल्या वर्षी मात्र त्या ओळ विसरून मध्येच थांबल्या.

"आज गाणं इसरली, उद्या जेवन इसरशीन," सोबत रोवणारी कलाबाई हसली होती.

"तुया हातचं जेवन त मी कवाच इसरली."

बोलल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून रोवण्यात गायल्या नाहीत.

दुकानदार म्हणाला होता, "डोक्याले चांगलं म्हणतेत लोक. पण आठवण येईनच, असं मी नाही सांगत." मंदाबाईंना तेवढं पुरलं. अडचण निराळीच होती. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती घातल्यापासून त्यांनी मासोळी सोडली होती. मंदाबाईंनी ओल्या फडक्यानं माझ्यावरची चिठ्ठी खरवडून काढली.

"मामीजी, जवसाचं तेल हाये. घ्या चमचाभर."

"वास काहून मारते?"

"जुनं हाये."

रोज सकाळी चमचाभर तेल. मग दोघी तांदूळ निवडत गाणं म्हणायच्या. सासू अडली की सून ओळ पुरवायची. गुण माझा की त्या सोबतीचा, मला आजही सांगता येत नाही. पण रोवणा लागला, पऱ्ह्यांत वाढवलेली रोपं शेतात आली आणि धानाच्या बांधीतून आवाज आला:

पऱ्ह्यांतलं रोप बाई सासरी चाललं,
चिखलाच्या घरी त्याचं पाऊल रुतलं.

गाणं शेवटापर्यंत गेलं. कलाबाईही झेलत होती.

मित्रांनो, मायेनं कुणाला काही पाजाल, तर त्याचं खरं नाव सांगून पाजा. चिठ्ठी गेलेल्या बाटलीला स्वतःहून बोलता येत नाही.

त्याच संध्याकाळी सत्यभामाबाई पाय धुऊन देवापाशी बसल्या. दिवा कोरडा होता. "जवसानं माह्यं गाणं आणलं. आज देवालेही हेच," म्हणत त्यांनी मला दिव्यावर तिरपं केलं.

मंदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"नका टाकू, मामीजी. हे जवसाचं नाही, मासोळीचं तेल हाये. तुमचं गाणं जाऊन राहिलं होतं, म्हणून मी तुमची माळ बाटवली."