देवळीतला जुना ॲटलास

मित्रांनो, मला उघडणार असाल तर जरा जपून उघडा. माझ्या पोटात एक चूक आहे आणि त्या चुकीवर लाल पेन्सिलीची रेघ आहे. मी एक जुना ॲटलास आहे, म्हणजे नकाशांचे मराठी पुस्तक. अकोल्यात डोमाजी नावाच्या, कापसाच्या जिनातल्या कामगाराच्या घरी, भिंतीतल्या देवळीत माझा मुक्काम असतो. अंगाने जाडजूड, पुठ्ठा अजून शाबूत. तरी एखाद्या पाहुण्याने देवळीकडे हात नेला की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. असे का होते, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म इंग्रजांच्या अमलातला. अमरावतीच्या एका वकिलांनी मला मुलांसाठी विकत घेतले. ती मुले हात धुऊन मला उघडत, त्यामुळे मी भलताच फुगलो होतो. पुढे देश स्वतंत्र झाला, त्याचे दोन तुकडे झाले आणि माझ्यातला हिंदुस्थान जुना ठरला. वकिलांकडे नवा ॲटलास आला. मी माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी ऑस्ट्रेलियाचा कोपरा कुरतडला, आणि कितीतरी वर्षांनी एका दिवाळीच्या आवराआवरीत मी रद्दीत निघालो.

रद्दी घेणारा होता बद्रुद्दीन. अमरावतीच्या घराघरांतून जुनी पुस्तके उचलायची आणि अकोल्याच्या बाजारात तरटावर मांडून विकायची, हा त्याचा धंदा. रोज सकाळी तरट अंथरले की तो आधी मला उघडी. हिंदुस्थानाच्या पानावर, पश्चिमेच्या समुद्रकाठी एका जागी बोट टेकवी, थोडा वेळ पाही आणि मग मला मिटून बाकीची पुस्तके मांडायला घेई. मला वाटे, माझी छपाई त्याला आवडते. किती वेडा होतो मी!

त्याच तरटाशी दर रविवारी डोमाजी येई. डोमाजी जेमतेम चौथी शिकलेला. पण पाच वर्षांपूर्वी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्याने घरातले देव मोर्णा नदीत सोडले आणि रिकाम्या देवळीत बुद्धाची तसबीर ठेवली. तसबिरीशेजारची जागा शाळकरी मुलीसाठी पुस्तकांनी भरायची असे त्याने ठरवले होते. नवी पुस्तके परवडत नसत, म्हणून तो जुनी शोधी. स्वस्तात चांगले पुस्तक हाती लागले की स्वारी हसतच घरी जाई. पुस्तक निवडायची त्याची रीत मात्र जिनातली. कापूस चिमटीत धरून ओढून पाहतात, तसा तो पानाचा कोपरा दोन बोटांत धरून ओढून पाही. कागद चिवट तर पुस्तक चांगले.

एका रविवारी त्याने माझा कोपरा ओढला. कागद काही केल्या तुटेना. त्याचे डोळे चमकले.

"हे केवढ्याले देतं?"

बद्रुद्दीन म्हणाला, "ते नको घेऊ, भाऊ. जुनं हाये ते."

"इथं समदंच जुनं हाये. भाव वाढवाले सांगून राहिला का?"

"नाई रे भाऊ. पोरीच्या कामाचं नाई ते. हा भूगोल घे, नवा हाये."

"तुह्या भूगोलाचा कागद पापडावानी हाये. मले हेच पाह्यजे."

विकणारा एखादी चीज नको घेऊ म्हणाला की तीच खरी चांगली असते, असा डोमाजीचा बाजारातला अनुभव. तो उठून चालू लागला, चार पावलांवर थांबला, परत आला. घासाघीस झाली. शेवटी बद्रुद्दीनने मला एकदा उघडून ते पान पाहिले आणि पडेल त्या भावात देऊन टाकले. डोमाजी मला काखेत घालून ऐटीत निघाला. मीही ऐटीतच होतो, ते आठवले की आता लाज वाटते.

घरी चतुराबाई, म्हणजे डोमाजीची बायको, म्हणाली, "आता तेलाची बाटली ठेवाले बी जागा नाई राह्यली." पण तिनेच तसबीर थोडी सरकवून मला जागा करून दिली. त्यांची शालू चौथीत होती. ती रोज संध्याकाळी मला मांडीवर घेई. एका रंगाचा एवढा मोठा देश आणि त्याच्या काठाकाठाने बंदरे. ती बोट फिरवून मोठ्याने नावे पाठ करी आणि डोमाजी भिंतीला टेकून ऐकत बसे. त्याला एकही नाव पुरते माहीत नव्हते. तरी तो मान डोलावी.

मग शाळेत डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी विचारले, "भारतातली मोठी बंदरे कोण सांगेल?" शालूने सर्वांच्या आधी हात वर केला. उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची." वर्ग खो खो हसला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी विचारले, "कराची कोणी शिकवली तुला?" ती म्हणाली, "घरच्या पुस्तकात हाये, साहेब. माह्या बाबानं आणलं." तेव्हा हसू आणखी वाढले. शाळा सुटेपर्यंत पोरे तिला कराची म्हणू लागली होती.

घरी येऊन तिने मला डोमाजीपुढे ठेवले आणि सगळे सांगितले. ती रडली नाही. "बाबा, मी आता पुस्तकातलं काही सांगनार नाई," एवढेच म्हणाली. मित्रांनो, मला पाने होती, पण मिटून घ्यायला हात नव्हते. ते पान उघडेच राहिले आणि डोमाजी त्याच्याकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने त्याने देवळीतली सगळी पुस्तके खाली काढली. एकेक उघडून पाहिले, अक्षरे जुळवून पाहिली.

"यातलं कोनतं खरं आन कोनतं खोटं, मले कसं समजन?" तो चतुराबाईला म्हणाला. "खोटं शिकवन्यापरीस देवळी रिकामी राह्यलेली बरी."

त्याने सगळ्यांचे गाठोडे बांधले. बद्रुद्दीनकडे ते परत टाकायचे आणि पुन्हा पुस्तक म्हणून घरात आणायचे नाही, असे त्याने ठरवले. देवळीत तसबीर तेवढी राहिली. माझ्या एकट्यामुळे सगळ्यांना घर सोडावे लागत होते.

रविवारी डोमाजीने भर बाजारात ते गाठोडे तरटावर आपटले. शालू मला छातीशी धरून मागे उभी होती. "पाकिस्तानचं पुस्तक माह्या पोरीच्या गळ्यात बांधलं यानं," डोमाजी मोठ्याने म्हणाला. आजूबाजूचे दुकानदार वळून पाहू लागले. दोघे जण जवळ आले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, बद्रुद्दीनच्या दाढीवर होती. बद्रुद्दीनने मान खाली घातली.

"म्या तुले नको घेऊ म्हनलं होतं, भाऊ," तो हळूच म्हणाला.

डोमाजीला ते आठवले. तेवढ्यात शालूने मला तरटावर ठेवून उघडले. तिला रोज पडणारा एक प्रश्न होता.

"काका, कराचीवर हा डाग काह्याचा हाये?"

"माह्या बोटाचा हाये तो, बेटा. माही बहीण तिथं राह्यते, हलीमा. लगन होऊन गेली तवा ते आपल्यातच होतं. रोज सकाळी एकडाव पाहून घ्यायचो."

बघे आपापल्या वाटेने गेले. डोमाजी तरटावर खाली बसला. त्याने डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि ती चुरगाळत राहिला.

"चुकलं माहं, बद्रुभाऊ," तो म्हणाला. "मले वाटलं, तू भाव करून राहिला."

बद्रुद्दीनने तो पापडासारखा भूगोल काढला, नव्या नकाशाचे पान उघडून माझ्याशेजारी ठेवले आणि पुस्तकांवर किंमत लिहायची लाल पेन्सिल शालूच्या हाती दिली. नव्या पानावर पाहून पूर्वेच्या सीमेची रेघ शालूने माझ्यावर काढली. पश्चिमेची लांब होती, ती तिला जमेना. बद्रुद्दीन म्हणाला, "दे इकडं." वरच्या डोंगरापासून तो हळूहळू खाली आला. पंजाब झाला, वाळवंट झाले. समुद्र अगदी जवळ आल्यावर त्याचा हात थांबला.

शालू म्हणाली, "काका, समुद्रापर्यंत न्या ना. नाई तर पोरं पुन्हा हासतीन."

बद्रुद्दीनने रेघ समुद्रापर्यंत नेली. मग पेन्सिल खाली ठेवून त्याने डोळे पुसले. माझ्या कागदाचा मला एवढा अभिमान होता, पण त्या दिवशी तो पेन्सिलीखाली फाटला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

नंतर त्याने गाठोडे सोडून एकेक पुस्तक डोमाजीला दाखवले. छापल्याचे साल कुठे असते ते सांगितले. बाकीची पुस्तके बरी होती. डोमाजीने ती पुन्हा बांधली आणि मला बद्रुद्दीनपुढे सरकवले.

"हे तू ठेव. तुले पाहाले लागते."

"नाई, भाऊ. माह्यापाशी राह्यलं तर मी रेघ पुसून टाकीन. पोरीपाशी राहू दे."

म्हणून मी पुन्हा देवळीत आलो. शालू आता वर्गात हात वर करते. दर रविवारी ती मला पिशवीत घालून बाजारात नेते आणि बद्रुद्दीनपुढे ते पान उघडून धरते. तो बोट टेकवतो. आता त्याचे बोट रेघेच्या पलीकडे पडते.

मित्रांनो, जुनी पुस्तके जरूर घ्या. त्यांना जपा, त्यांचे साल पाहा, घासाघीसही करा, त्यात मोठी गंमत आहे. पण विकणारा कधी म्हणाला, "हे नको घेऊ," तर हसून चालू लागू नका. त्याच्यापाशी थोडे बसा आणि "काहून?" म्हणजे "का?" असे एकदा विचारा. डोमाजीने त्या रविवारी तेवढे विचारले नाही.