फोटोत पांढरा आलेला हिरवा शालू

मी धनंजय बर्व्यांचा कॅमेरा बोलतोय. हो, तोच, ज्यात झाडं पांढरी येतात. लखनौला मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत माझा विषय निघाला की लोकांना एकदम घरचं काम आठवतं.

जन्मतः मी असा नव्हतो. चारचौघांसारखा रंगीत फोटो काढणारा सरळमार्गी कॅमेरा होतो. साहेबांच्या मुलीचे, सृष्टीचे, वाढदिवस टिपावेत आणि बॅगेत झोपावं, असं माझं सुखाचं आयुष्य होतं. पण साहेब पडले रेल्वेचे इंजिनियर. धडधाकट चालणारी वस्तू त्यांना बघवत नाही. इन्फ्रारेड फोटोग्राफीबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं आणि मला दिल्लीच्या एका कारागिराकडे धाडलं. त्याने माझ्या पोटातली एक काच काढून दुसरी बसवली. तेव्हापासून माणसांना दिसतो तो उजेड मला दिसत नाही. जो कुणालाच दिसत नाही, तेवढाच दिसतो. पानं पांढरीशुभ्र, आभाळ काळं आणि माणसं मेणाची. साहेब खूश झाले. घरच्यांना कुणी विचारलंच नाही.

यंदा साहेबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. अरुणाताईंनी ठरवलं, गुहागरला जायचं, समुद्रकाठी चार दिवस नुसतं लोळायचं. सोबत साहेबांचे गोमती नगरचे मित्र विक्रम आणि त्यांची बायको सुरुची. विक्रम विद्यापीठात शिकवतात आणि साहेबांना "धन्या" म्हणण्याचा हक्क राखून आहेत. अरुणाताईंनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"अहो, आपल्या दोघांचा एक फोटो हवाय. दोघांचा. तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागे असता."

"एकच काय, दहा काढू," साहेब म्हणाले. देणाऱ्याचं तोंड मोठं असतं.

सुट्टी कशी असते, हे मी गुहागरला पाहिलं. विक्रम झोपाळ्यावर आडवे झाले ते जेवायलाच उठले. सुरुची आणि अरुणाताई सोलकढीचे पेले घेऊन ओसरीवर बसल्या आणि सगळ्या लखनौची हजेरी घेऊन मोकळ्या झाल्या. सृष्टी पाण्यातून बाहेर येईना. एकटे साहेब ड्युटीवर होते. इन्फ्रारेडला कडक ऊन लागतं. त्यामुळे शहाणी माणसं सावली शोधत तेव्हा साहेब मला गळ्यात घालून माडांखाली फिरत. वर हुकूम असा, की खरा कॅमेरा असताना कुणी मोबाईलने फोटो काढायचे नाहीत. वारंवार ऐकून बाकीच्यांनी तो मानला. त्या सहलीचा एकही धड फोटो कुणाकडे नाही, तो यामुळे.

लग्नाच्या वाढदिवशी अरुणाताई भर दुपारी नटून आल्या. हिरवा शालू, हिरवा चुडा, गजरा, कपाळावर ठसठशीत कुंकू. हे सगळं मला सुरुचीच्या बोलण्यावरून कळलं. "काय दिसतेस गं, नव्या नवरीसारखी!" असं ती म्हणाली. मला काय दिसत होतं ते सांगायला मला तोंड नव्हतं. असतं तर तिथेच ओरडलो असतो.

साहेबांनी मला तिकाटण्यावर चढवलं, टायमर लावला आणि वाळूतून धावले. पोहोचेपर्यंत खटका पडला. फोटोत त्यांचं कोपर आलं. दुसऱ्यांदा वेळेत पोहोचले, पण एक झावळी मध्ये येतेय असं वाटून परत फिरले. फोटोत त्यांची पाठ आली. आत सुरमई थंड होत होती. वाळू इतकी तापली होती, की अरुणाताई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

"पापा, मैं खींच देती हूँ ना! आप मम्मी के पास जाइए," सृष्टी म्हणाली.

"तू बाजूला हो, तुझी सावली पडतेय. अरुणा, हलू नकोस!" आणि साहेबांनी स्वतःच खटका दाबला.

"अहो, पण तुम्ही?"

"मी आलो असतो तर डावीकडचं वजन बिघडलं असतं. फ्रेम काय आलीय बघ!"

अरुणाताई पदर सारखा करून आत गेल्या.

संध्याकाळी साहेबांनी तो फोटो टीव्हीवर लावला. काळं आभाळ, पांढरे माड, आणि मधोमध पांढरं लुगडं नेसलेली, पांढऱ्या कपाळाची एकटी बाई. शालूचा हिरवा रंग गेला होता, कुंकू गेलं होतं, मंगळसूत्र पदराखाली. शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी.

"अगं बाई! कुंकू कुठे गेलं?" सुरुचीने तोंडावर हात ठेवला.

"लाल रंग इन्फ्रारेडमध्ये उडतो, त्याचं कारण असं..." साहेब सुरू झाले.

"धन्या," विक्रम म्हणाले, "तू गेलास रे."

सगळे हसले. अरुणाताईही हसल्या, पण उशिरा.

लखनौला परतल्यावर त्यांनी स्वतःच तो फोटो मोठा करून आणला आणि बैठकीत लावला. साहेबांना वाटलं, अखेर बायकोला कला कळली. त्यांनी वर एक छोटा दिवाही बसवला. मग शेजारच्या क्वार्टरमध्ये नव्याने आलेल्या श्रीवास्तव भाभी भेटायला आल्या. त्यांनी फोटो पाहिला, दिवा पाहिला आणि आवाज खाली आणला.

"माफ़ कीजिएगा, मालूम नहीं था। भाईसाहब को क्या हुआ था?"

"फोटोग्राफी," अरुणाताई म्हणाल्या.

तेवढ्यात भाईसाहब स्वतः चहाचा ट्रे घेऊन आत आले. भाभींनी चहा घेतला नाही.

त्या गेल्यावर साहेब चिडले. "आधी तो फोटो उतरव."

"उतरवते की. त्या जागी आपल्या दोघांचा लावा. आहे एखादा?"

साहेब कॉम्प्युटरसमोर बसले. रविवार सरला तरी बसलेलेच. माड निघाले, होड्या निघाल्या, पांढऱ्या रानात उभ्या पांढऱ्या गाई निघाल्या. माझ्या आधीच्या कॅमेऱ्यांनी काढलेले किल्ले आणि धबधबेही निघाले. दोघांचा निघाला तो एकच, लग्नातला. तो दुसऱ्या कुणीतरी काढला होता.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पोटातली काच माझी बदलली होती, पण दिसत नव्हतं ते त्यांना.

आता मी त्यांच्या हातात आहे. अरुणाताई खिडकीशी उभ्या आहेत आणि साहेब मला डोळ्याला लावून, उजेड कुठून चांगला येतोय ते बघत मागे मागे सरकताहेत. सृष्टी मोबाईल घेऊन दारात थांबली आहे. बर्वेसाहेब, इतकी वर्षं तुमचं ऐकलं, आज माझं एक ऐका. मला खाली ठेवा आणि अरुणाताईंच्या शेजारी जाऊन उभे राहा.