दुखेल म्हणून सांगा

"दोघं आहेत आत. एक आजोबा आणि एक बाई," वॉचमन धापा टाकत म्हणाला. "बाई रडताहेत."

"रडू देत. रडतंय म्हणजे माणूस श्वास घेतंय," असं म्हणत मेकॅनिकनं गच्चीवरच्या मशीनरूमचं दार खांद्यानं ढकललं. मेन स्विच पाडला, ब्रेक सैल करायचा दांडा वॉचमनच्या हाती दिला आणि स्वतः चाकाला भिडला. लिफ्ट आता हातानंच, बोटबोट करत खालच्या मजल्याशी आणायची होती. तेवढ्यात फोन वाजला.

चष्मेवाला.

म्हणजे त्याच्या आधीच्या बायकोचा आताचा नवरा. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. नावही होतं चांगलंसं, पण ते मेकॅनिकच्या तोंडी कधी आलं नव्हतं. हा माणूस उगाच फोन करायचा नाही. मेकॅनिकनं स्पीकर लावून फोन जमिनीवर ठेवला.

"दवाखान्यातून बोलतोय. घाबरू नका. ठकू झोपाळ्यावरून पडली, मनगटाचं हाड सरकलंय. सुई देऊन बसवायचंय, पण ती कुणाला हात लावू देत नाहीये. तिची आई बँकेच्या तपासणीला परगावी गेलीय. तिथून निघालीय, पण यायला संध्याकाळ होईल. तुम्ही येता का?"

मेकॅनिकचे हात चाकावरच थबकले. खाली दोन माणसं अधांतरी होती.

अख्ख्या संसारात त्यानं हेच तर केलं होतं. कुणीतरी अडकलंय, जाऊन येतो. तो यायचा तेव्हा तिची बँकेची वेळ झालेली असायची. बायकोला बढती मिळाली म्हणून मोडलं, असं त्याचे भाऊ म्हणत; नवरा कधी घरात सापडायचाच नाही, असं तिच्या बहिणी म्हणत. खरं तर मोठं भांडण असं कधी झालंच नाही. पूर्वी घरात आत्या, मावशी, कुणीतरी वडीलधारं असायचं, दोघांचं बिनसलं की मध्ये पडायला. यांच्या घरात मध्ये पडायला होती ती एक एवढीशी पोर.

"मला नाही येता येणार," तो म्हणाला. "इथं माणसं अडकलीत."

पलीकडे कोणती शांतता पसरणार, हे त्याला सवयीनं ठाऊक होतं. ती पसरली नाही.

"बरं," चष्मेवाला म्हणाला. "मग मी काय करू, ते सांगा. मी म्हटलं अजिबात दुखणार नाही, तर ती जास्तच बिथरली."

मेकॅनिकनं कपाळावरचा घाम बाहीला पुसला. लेकीला कसं समजवायचं, ही एवढीच खूण त्याच्यापाशी उरलेली होती. ती दिली की मग काय राहिलं?

"खोटं बोलू नका तिच्याशी," तो म्हणाला. "दुखेल म्हणून सांगा. कुठं, कितपत, सगळं सांगा. आम्ही वेगळे झालो तेव्हा दोघांनी मिळून सांगितलं तिला, बाबा कामासाठी लांब गेलाय. पोरीनं त्याच आठवड्यात मला बसस्टॉपवर पाहिलं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की धसका घेते ती."

"हे आम्हाला कुणाला कळलंच नव्हतं हो."

"आणि तिथून हलू नका."

"नाही हलत."

फोन बंद झाला. मेकॅनिकनं पुन्हा चाकाला जोर लावला. लिफ्ट मजल्याशी आली, तसं त्यानं खाली येऊन दार उघडलं. बाईंनी बाहेर पडल्या पडल्या सोसायटीचा उद्धार केला. आजोबा मात्र त्याचा हात धरून म्हणाले, "वरून तुमचा आवाज येत होता बाबा, म्हणून धीर धरला." एरवी तो दोन शब्द बोलला असता. आज तो जिन्यानं धावत सुटला.

दवाखान्यात पोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ठकू उशीला टेकून बसली होती. डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा चष्मेवाल्याच्या मुठीत. त्याच्या मनगटावर नखांचे ओरखडे होते, शर्ट घामानं चिंब.

"बाबा, काकांनी आधीच सांगितलं होतं खूप दुखेल म्हणून," ठकू ऐटीत म्हणाली. "आणि खरंच खूप दुखलं!"

चष्मेवाला लगबगीनं उठू लागला. "या ना, तुम्ही बसा इथे."

मेकॅनिकनं त्या ओरखड्यांकडे पाहिलं. कामं टाकून पोरीपाशी थांबणारं एक माणूस या जगात तिला मिळालं होतं. आणि इतकी वर्षं आपण त्याला आपल्या नुकसानीच्या खात्यात मांडत राहिलो.

"बसा हो," तो म्हणाला. "तिनं हात कुठं सोडलाय? फार मोठं काम केलंत तुम्ही. फार मोठं."

पलीकडच्या बाजूला प्लास्टर होतं, तिथं धरायला काही नव्हतं. मग तो पायथ्याशी स्टूल ओढून बसला, रुमालानं बोटांचं ग्रीस निपटून काढलं, आणि चादरीबाहेर आलेलं तिचं पाऊल त्यानं हलकेच ओंजळीत घेतलं.